ते गाणं माझ्यावरच आहे

४ मार्च, मंगळवार

आजपासून रोज लिहायचं, असं वकीलबाईंनी फोनवर सांगितलं. "जे घडलं तेवढंच लिहा, तारीख-वेळ घालून. तुमची मतं नकोत." मी माझी मतं कधीच कुणावर लादत नाही, तरी त्यांनी हे दोनदा सांगितलं.

घडलं ते असं. सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी मी एका मोठ्या मॉलमधल्या तीन नंबरच्या लिफ्टची वार्षिक तपासणी करत होतो. मी लिफ्ट निरीक्षक आहे, बावीस वर्षं. लिफ्टमध्ये वजनं रचली होती, दार बंद होतं, आणि वरच्या स्पीकरवर गाणं सुरू झालं. ड्रम धाडधाड वाजत होते. बाई गात होती म्हणण्यापेक्षा कुणाला तरी फैलावर घेत होती.

*अंगाला साबण, नळ कोरडा, दाराबाहेर तुझं घड्याळ,*
*चावी तुझी, खिडकी तुझी, गाडी तुझी, हवा तुझी,*
*चूक तेवढी माझी, चूक तेवढी माझी.*

आवाज ओळखायला मला दुसरी ओळ लागली. ती आमची सौ.

सौ. अकरा महिन्यांपूर्वी घर सोडून गेली. एक बॅग घेऊन, मी कामावर असताना, दार नुसतं ओढून घेऊन. तिनं घटस्फोट मागितला आहे आणि मी देत नाही. ती विनाकारण गेली, असं आमचं कोर्टात म्हणणं आहे. ते खरंच आहे. मी तिच्यावर कधी हात उगारला नाही, आवाजसुद्धा चढवला नाही. बालवाडीत मुलांना गाणी शिकवायची ती बाई, आणि आता हे.

माझ्याबरोबरचे मिस्त्री लिफ्टचे दोर बघतात म्हणून आम्ही त्यांना दोरवाले म्हणतो. ते पायानं ताल धरून उभे होते.

"हे काय चाललंय?" मी विचारलं.

"साहेब, हे सगळीकडेच चाललंय," ते म्हणाले.

६ मार्च, गुरुवार

वकीलबाईंकडे गेलो. साठीच्या आहेत. चष्म्यावरून बघतात आणि समोरच्याचं बोलणं पूर्ण होऊ देतात, त्यामुळे माणूस जरा जास्तच बोलतो. मी म्हटलं, गाणाऱ्या बाईवर आणि गाण्याच्या कंपनीवर बदनामीचा दावा लावायचा.

त्या म्हणाल्या, "अशा दाव्याला दोन पाय लागतात. गाणं ऐकल्याबरोबर चार लोकांनी ओळखलं पाहिजे की हा माणूस तुम्हीच. आणि गाण्यात म्हटलंय ते खोटं असलं पाहिजे."

"पहिला पाय मी भक्कम करून देतो," मी म्हटलं.

"दुसऱ्याचं काय?"

"ते उघडच आहे."

त्यांनी पेनाचं टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं. "नळाचं काय आहे?" त्यांनी विचारलं. मी समजावून सांगितलं. आमच्या बाथरूमच्या पाण्याचा कॉक घराच्या दाराबाहेर, जिन्यालगतच्या पॅसेजमध्ये आहे. माणसाला अंघोळीला चार मिनिटं पुरतात, हे मी स्वतःवर प्रयोग करून काढलं आहे. पाचव्या मिनिटाला मी कॉक बंद करायचो. पाणी वाचतं आणि सवय लागते. सहा महिन्यांत तिची अंघोळ साडेतीन मिनिटांवर आली होती. याचा कुणी कौतुकानं उल्लेख करत नाही.

"हे बाहेर कुणाला सांगू नका," वकीलबाई म्हणाल्या.

वकिलांचा स्वभावच संशयी असतो.

९ मार्च, रविवार

ताईकडे जेवायला गेलो होतो. ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी, शाळेत प्रयोगशाळा सांभाळते. मी आधी काही न सांगता फोनवर गाणं लावलं, कारण साक्षीदाराला पढवायचं नसतं. पहिलं कडवं संपायच्या आत ती म्हणाली, "हे तुझ्यावर आहे ना रे?"

मला इतकं बरं वाटलं की मी तिला मिठी मारणार होतो. आमच्यात तशी पद्धत नाही. "कशावरून ओळखलंस?" मी विचारलं.

"कशावरून म्हणजे? नळ, चावी, खिडकी. मी तुमच्याकडे राहायला आले तेव्हा तू मला चहाला किती वेळ लागतो ते सांगितलं होतंस. माझ्याच चहाला." ती भांडी आवरायला लागली. "मी दोन दिवस राहणार होते. दुसऱ्या दिवशी सकाळीच निघाले. आठवतंय?"

मला वाटत होतं तिला काम निघालं होतं.

भाची चौदाची आहे. ती दारात उभी राहून म्हणाली, "मामा, ते सगळ्यांना माहितीये. आमच्या वर्गात सगळ्यांना ते पाठ आहे. फक्त तू आलास की आम्ही बंद करतो."

"लेखी देशील?"

तिनं खरंच लिहून दिलं, अक्षर सुवाच्य आहे. साक्षीदार क्रमांक एक आणि दोन.

१२ मार्च, बुधवार

ऑफिसात सातजणांच्या सह्या मिळाल्या. मी सरळ एक कागद फिरवला: "सदर गाणं ऐकल्यावर ते आमच्या साहेबांविषयी आहे हे माझ्या तत्काळ ध्यानात आलं." कुणीही का-कू केलं नाही. टायपिस्टबाई रजेवर होत्या, त्यांनी निरोप पाठवला की माझी सही राहिली तर बघा हं, मी उद्या येतेय. दोरवाल्यांनी सहीखाली स्वतःहून "खात्रीपूर्वक" असं लिहिलं.

बावीस वर्षं एका ठिकाणी काम केल्यावर माणसं अशी पाठीशी उभी राहतात.

१५ मार्च, शनिवार

आज आमच्या वरच्या मजल्यावरच्या मुख्याध्यापकांकडे गेलो. ते निवृत्त आहेत, एकटेच राहतात. त्यांनी गाणं ऐकलं नव्हतं, म्हणून मी ऐकवलं. ते डोळे मिटून ऐकत होते.

मग म्हणाले, "तुमचं पाणी बंद झालं की पाइपात आवाज व्हायचा. ठक्. माझ्या न्हाणीघरात ऐकू यायचा. त्यानंतर तुमच्या घरात काहीच आवाज नसायचा. मी वाट बघायचो की आता ती काहीतरी बोलेल. ती कधी बोलली नाही."

मी म्हटलं, "बघा, म्हणजे आमच्यात भांडण नव्हतं."

"एकदा थंडीचे दिवस होते. ती जिन्यात बसली होती, केस ओले, साबण तसाच. मी दार उघडलं. ती म्हणाली, काही नाही सर, चावी आत राहिली. मी म्हटलं, बरं. आणि मी दार लावून घेतलं." त्यांनी चष्मा काढून पुसला. "चाळीस वर्षं मी मुलांना सांगत आलो, समोर काही वाईट दिसलं तर बोला. आणा तो कागद."

त्यांनी सही केली. सहीखाली तारीख घातली आणि म्हणाले, "फार उशिरा करतोय."

मला ते जिन्याचं काही ठाऊक नव्हतं. चावी माझ्याकडे असायची, कारण ती विसरायची. एकच संच ठेवला की हरवायचा प्रश्न नाही. त्या दिवशी मी कॉक बंद करून कामावर निघून गेलो असणार, आणि ती तो उघडायला बाहेर आल्यावर मागे दार लागलं असणार. हा मुद्दा दाव्यात घालायचा की नाही, ठरवलं नाही.

साक्षीदार क्रमांक अकरा.

१६ मार्च, रविवार

आज कुणाकडे गेलो नाही. बाथरूमचा कॉक उघडला आणि बंद केला. ठक् असा आवाज येतो खरा.

२० मार्च, गुरुवार

आईकडे गेलो. बाबा गेल्यापासून ती ताईच्या घराजवळ छोट्या जागेत राहते. एक खोली, एक स्वयंपाकघर, खिडकीत दोन कुंड्या. आईची साक्ष सगळ्यात वजनदार ठरेल असा माझा हिशेब होता. आईच म्हणाली म्हटल्यावर पुढे काय बोलणार?

गाणं संपलं. आई म्हणाली, "पुन्हा लाव."

पुन्हा लावलं. या वेळी ती *चूक तेवढी माझी* वर हळूहळू मान हलवत होती.

"कुणावर आहे हे, ओळखलंस का?" मी विचारलं.

"न ओळखायला काय झालं," आई म्हणाली. "तुझ्या वडिलांवर आहे."

मी हसलो. ती हसली नाही.

"फक्त तेव्हा नळ नव्हता. बादली होती. बादलीवर खडूनं रेघ मारलेली असायची. पण या पोरीला कसं कळलं रे? मी तर कुणाला बोलले नाही."

मी तिला समजावलं की हे गाणं तिच्या सुनेनं म्हटलंय, माझ्यावर. बाबांचा संबंध नाही. बाबांमध्ये आणि माझ्यात काही साम्य नाही. बाबा रेघ मारायचे, मी चार मिनिटं देत होतो. बाबा ओरडायचे. मी कधी ओरडलो नाही, उलट मी सगळं वहीत लिहून ठेवायचो आणि रविवारी शांतपणे वाचून दाखवायचो, म्हणजे तिला सुधारायला संधी मिळायची.

आई माझ्याकडे बघत राहिली. लहानपणी ताप आहे का बघताना जशी बघायची, तशी.

"ती चांगली गाते," ती म्हणाली. "घरात कधी गायली नाही ती."

सही मिळाली नाही. जाताना तिनं गाणं तिच्या फोनमध्ये घालून द्यायला सांगितलं. दिलं.

२७ मार्च, गुरुवार

वकीलबाई दाव्याचा मसुदा करायला फार वेळ घेताहेत. तीनदा फोन केला. "अजून विचार करा," एवढंच म्हणतात. लिफ्टच्या कामात असा विचार करत बसलं तर माणसं जिन्यानं जातील.

म्हणून मी स्वतःच निवेदन तयार केलं. तेवीस मुद्दे. गाण्यातली ओळ, त्यासमोर आमच्या घरात प्रत्यक्षात काय घडलं ते, तारखेसह. तारखा माझ्या वह्यांमध्ये आहेतच, अकरा वर्षांच्या अकरा वह्या. नळ: घडलं आहे, कारण पाण्याची बचत. चावी: एकच संच, कारण तिचा विसराळूपणा. खिडकी: बंद ठेवायला सांगत असे, कारण रस्त्यावरचे लोक बघतात. तिच्या बहिणीचे फोन: आठवड्याला एक, दहा मिनिटं, कारण बहीण कान भरते. हसण्याबद्दलची ओळ: ऑफिसच्या कार्यक्रमात ती अनोळखी माणसाच्या विनोदावर हसली, त्याबद्दल रात्रीपर्यंत अबोला धरला होता, हे मान्य. कारण नमूद केलं आहे.

यावरून कुणाच्याही लक्षात येईल की गाण्यातली एकही गोष्ट दुसऱ्या कुणाला लागू होणं शक्य नाही.

शपथेवर सही केली, शिक्का मारून घेतला, सोबत साक्षीदारांचे अकरा कागद जोडले आणि गाण्याच्या कंपनीला आणि सौ.च्या वकिलाला पाठवून दिलं. वकीलबाईंना प्रत दिली.

२८ मार्च, शुक्रवार

वकीलबाईंचा फोन. म्हणाल्या, "पाठवलंत?" मी हो म्हटलं. "पोचलंसुद्धा?" मी पोचपावतीचा नंबर सांगितला.

"पाणी प्या," त्या म्हणाल्या. मला की स्वतःला, ते कळलं नाही.

८ एप्रिल, मंगळवार

आज दोन्ही बाजूंची बैठक झाली. तिच्या वकिलाचं ऑफिस, चौथा मजला. लिफ्टच्या तपासणीची मुदत दोन महिन्यांपूर्वीच उलटली आहे, ते मी जाताजाता टिपून घेतलं.

लांब टेबल. एका बाजूला मी आणि वकीलबाई. समोर तिचा वकील, गाण्याच्या कंपनीचा एक माणूस, एक पांढऱ्या केसांची अनोळखी बाई, आणि सौ. तिनं केस कापले आहेत. खिडकीजवळ बसली होती आणि खिडकी उघडी होती.

माझं निवेदन तिच्यासमोर होतं. ती एकेक पान उलटत होती, आणि मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होतो. राग दिसेल असं वाटलं होतं. ती फक्त वाचत होती, जसं कुणी जुन्या भाडेकराराचे कागद वाचतं.

"हे सगळं खरं आहे," ती शेवटी म्हणाली. "नववा मुद्दा सोडून. तो एकदा नव्हे, दोनदा झाला होता."

"म्हणजे गाणं माझ्यावरच आहे हे तुला मान्य आहे," मी म्हटलं.

"नाही. तुझ्यावर नाही."

इथे लिहून ठेवतो की अकरा वर्षं ती मला 'अहो' म्हणायची. आज 'तू' म्हणाली. एकदाही अडखळली नाही.

पांढऱ्या केसांच्या बाईनं घसा साफ केला. "गाणं माझं आहे," त्या म्हणाल्या. "शब्द माझे. सव्वीस वर्षांपूर्वी लिहिले. माझ्या नवऱ्यावर. इतकी वर्षं ट्रंकेत होते. ही गायला शिकायला माझ्याकडे आली, तेव्हा तिला दाखवले."

कंपनीच्या माणसानं एक पिवळा पडलेला कागद टेबलावर ठेवला. त्याच ओळी होत्या. कोपऱ्यात तारीख होती. त्या तारखेला मी या मुलीला पाहिलंसुद्धा नव्हतं.

मी म्हटलं, हे शक्य नाही. सव्वीस वर्षांपूर्वी नळ कोण बंद करत होतं? मी मुद्देसूद दाखवून दिलं. चावीची ओळ घ्या, म्हटलं. खिडकीची घ्या. हा माणूस मी आहे, माझ्याकडे अकरा वह्या आहेत, अकरा साक्षीदार आहेत, माझी सख्खी बहीण आहे. असा दुसरा माणूस असूच कसा शकतो?

वकीलबाईंनी माझ्या बाहीला हात लावला. मी थांबलो नाही.

तिचा वकील अतिशय नम्रपणे म्हणाला, "म्हणजे तुम्ही तिच्याशी हे सगळं केलंत, असं तुम्ही ठामपणे म्हणताय?"

"लिहून दिलंय. शपथेवर."

"हो," तो म्हणाला. "आभारी आहोत."

वकीलबाईंनी फाइल मिटली. तेव्हा मला घटस्फोटाच्या दाव्याची आठवण झाली. ती विनाकारण गेली, असं तिथे आमचं म्हणणं आहे. तिच्याकडे पुरावा नाही, मारहाण नाही, शेजारी बोलत नाहीत, हा आमचा सगळ्यात भक्कम मुद्दा होता.

उठताना मी तिला विचारलं. वकीलबाई नको म्हणत होत्या तरी विचारलं. "मग माझ्यावर काहीच लिहिलं नाहीस?"

तिनं खरंच आठवून सांगितलं असं वाटलं.

"लिहिलं होतं. पहिल्या महिन्यात, खूप राग होता तेव्हा. बाईंना दाखवलं. चाल बसेना. टाकून दिलं."

११ एप्रिल, शुक्रवार

कामात लक्ष लागत नाही. एका लिफ्टवर 'समाधानकारक' असा शेरा मारला आणि मग आठवलं की ब्रेक तपासलेच नव्हते. परत जाऊन तपासले.

दोरवाल्यांनी विचारलं, "साहेब, जिंकलो का आपण?" मी म्हटलं, गाणं माझ्यावर नाही असं निघालं. त्यांचा चेहरा पडला. "असं कसं," ते म्हणाले. "मी तर खात्रीपूर्वक लिहिलं होतं."

६ मे, मंगळवार

घटस्फोट झाला. मी विरोध मागे घेतला, वकीलबाईंनी सांगितलं म्हणून. न्यायाधीशांनी माझं निवेदन वाचताना दोनदा वर बघितलं.

बाहेर आल्यावर वकीलबाई म्हणाल्या, "तीस वर्षांत इतका स्वच्छ पुरावा मी पाहिला नाही. तारखा, कारणं, साक्षीदार. फक्त तो समोरच्यांनी गोळा करायचा असतो." मग जरा मवाळ होऊन म्हणाल्या, "आता रोज लिहायची गरज नाही."

मी त्यांना विचारलं, एक गोष्ट खरी सांगा, माझं नक्की चुकलं कुठे? निवेदन पाठवण्यात?

त्या जिन्याच्या दोन पायऱ्या उतरल्या होत्या. थांबल्या. "तुम्ही तेवीस ठिकाणी 'कारण' लिहिलंय," त्या म्हणाल्या. "एकदा ती कारणं झाकून नुसतं वाचा." आणि गेल्या.

१० मे, शनिवार

कारणं पट्टीनं झाकून वाचलं. सात मुद्द्यांपर्यंत वाचलं.

१ जून, रविवार

तिचा कार्यक्रम होता, दुपारी चारचा, मोठ्या सभागृहात. ताई, भाची आणि आई, तिघींनी तिकिटं काढली होती. मला सांगणार नव्हत्या, पण ताईची गाडी बंद पडली. आई टॅक्सीत बसायला घाबरते. तिनं फोन केला, "सोडशील का रे? तू आत येऊ नकोस."

सोडलं. दारापाशी बायकांची ही गर्दी. आईनं निळी साडी नेसली होती, बाबा असताना ती कपाटातून कधी बाहेर आली नव्हती. मी विचारणार होतो किती वाजता संपेल, पण ती वळून न बघता आत गेली. भाचीनं तिचा हात धरला होता.

गाडीत बसून राहिलो. आतून ड्रम ऐकू येत होते. शब्द कळत नव्हते. एका जागी सगळं सभागृह एकदम गायला लागलं, तेव्हा कळलं कुठलं गाणं ते. हजारभर बायका असतील. मी विचार करत होतो की यांतल्या प्रत्येकीला कोण आठवत असेल. म्हणजे पांढऱ्या केसांच्या बाईंचा नवरा, बाबा, मी, आणि आणखी किती. मोजायला लागलो आणि सोडून दिलं.

साडेसहाला लोक बाहेर पडले. ताई आणि भाची आल्या, म्हणाल्या आम्ही चालत जातो, आई येईलच. आई आली नाही. गर्दी पांगली, दारवान एकेक दिवा मालवू लागला. मी घड्याळ बघितलं नाही, असं लिहिणार होतो. बघितलं. सात वाजून बावीस मिनिटं.

मग ती आली, सावकाश, पुढच्या सीटवर बसली. घसा बसलेला, गाल लाल. मी गाडी सुरू केली. तोंडापर्यंत आलेला प्रश्न मी गिळला. कसा गिळला ते माझं मला माहीत.

दोन चौक गेल्यावर तीच म्हणाली, "विचार की, उशीर का झाला."

"नाही विचारत."

ती माझ्याकडे वळून बघत राहिली. मग तिनं काच खाली केली आणि सांगायला लागली. आत कोण भेटलं, शेजारच्या बाईनं काय सांगितलं, तिनं काय सांगितलं, बादलीवरची रेघ, मी पोटात असतानाचं काहीतरी, बाबांनी एकदा तिचं पुस्तक फाडलं ते. मला यातलं काही माहीत नव्हतं. घर आलं तरी ती थांबली नाही, म्हणून मी गाडी थांबवली नाही, पुढच्या वळणावरून पुन्हा एक फेरी घेतली.